लँथॅनमचा खडा आणि विहिरीचे पाणी

आज मी तुम्हांला एका खड्याची हकीकत सांगणार आहे. खडा म्हणजे अंगठीतला नव्हे आणि मिठाचाही नव्हे. हा खडा शर्टाच्या गुंडीएवढा, चकतीसारखा चपटा आणि काचेसारखा स्वच्छ असतो. बोटाएवढ्या जाड नळीच्या टोकाला तो चिकटवलेला असतो. ती नळी पाण्यात बुडवली, की त्या पाण्यात फ्लोराइड नावाचा क्षार किती आहे हे दोनचार मिनिटांत समजते. या खड्याचे रासायनिक नाव लँथॅनम फ्लोराइड.

तुम्ही म्हणाल, इतिहास शिकवणाऱ्या माणसाने राजेरजवाडे आणि तहनामे सोडून या रसायनाच्या भानगडीत का पडावे? माझे म्हणणे असे, की पाण्याचाही इतिहास असतो, आणि तो पुष्कळदा माणसांच्या दातांवर व हाडांवर लिहिलेला असतो. तो वाचता येण्यासाठी हा खडा हाती यावा लागला. त्याची गोष्ट तीन खंडांत घडलेली आहे.

प्रथम अडचण काय होती ते पाहू. पाणी खारे असले तर जिभेला कळते. गढूळ असले तर डोळ्यांना दिसते, कुजके असले तर नाकाला समजते. फ्लोराइडचे तसे नाही. त्याला रंग नाही, वास नाही, आणि विहिरीच्या पाण्यात असते तेवढ्या प्रमाणात चवही नाही. पाणी उकळले तरी ते जात नाही. उलट वाफ उडून गेल्यामुळे उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण थोडे वाढतेच. आणि प्रमाण तरी केवढे? हजार लिटरच्या टाकीत एक ग्रॅम, म्हणजे लिटरला १ मिलीग्रॅम, एवढे असले तर सहसा अपाय नाही. दीड मिलीग्रॅमच्या वर गेले, की लहान मुलांच्या येणाऱ्या दातांवर डाग पडण्याचा धोका वाढतो. ते त्याहून बरेच जास्त असले आणि तेच पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले, तर सांधे आखडतात, पाठीचा कणा ताठतो, माणसाला मान वळवता येत नाही. गुण आणि अवगुण यांच्यामधले अंतर इतके थोडे! म्हणून ‘आहे की नाही’ एवढे विचारून भागत नाही, ‘किती आहे’ हे विचारावे लागते.

आता अमेरिकेत जाऊ. १९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाचा एक तरुण दंतवैद्य कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी दवाखाना थाटायला गेला. पाइक्स पीक नावाच्या उंच डोंगराच्या पायथ्याशी हे गाव आहे. तिथल्या लोकांच्या दातांवर त्याला तपकिरी डाग दिसले. काहींचे दात तर चॉकलेट फासल्यासारखे. गावकऱ्यांना त्याचे काही वाटत नव्हते. त्यांच्या मते तो आपला तिथला गुणच. कोणी म्हणे डुकराचे मांस जास्त खाल्ल्याने होते, कोणी दुधाला दोष देई. मॅकेने मात्र पाठ सोडली नाही. जी. व्ही. ब्लॅक हे त्या काळचे दंतशास्त्रातले मोठे नाव. ते १९०९ साली त्या गावी आले, आणि तिथे जन्मलेल्या मुलांपैकी जवळजवळ ९० टक्के मुलांच्या दातांवर डाग आढळले. एक चमत्कारिक गोष्टही दिसली. डाग पडलेले हे दात किडत मात्र कमी होते.

मॅकेचा संशय पाण्यावर होता. १९२३ साली आयडाहो प्रांतातल्या ओकली या गावचे पालक त्याला भेटले. गावाने एका कोमट झऱ्याचे पाणी नळाने आणले आणि त्यानंतर मुलांचे दात डागाळू लागले, अशी त्यांची तक्रार होती. मॅकेने पाणी तपासून घेतले; त्यात काही सापडले नाही. तरीही त्याने सल्ला दिला, की हा झरा सोडा, दुसरा धरा. गावाने त्याचे ऐकले. पुढे काही वर्षांनी ज्या मुलांना नवे दात आले ते स्वच्छ निघाले. मला या गावकऱ्यांचे मोठे कौतुक वाटते. प्रयोगशाळेचा दाखला हाती नसताना, केवळ स्वतः पाहिलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवून त्यांनी गावाचे पाणी बदलले.

प्रयोगशाळेला का सापडले नाही? कारण फ्लोराइड शोधायचे कोणाच्या मनातच नव्हते. ते मनात आणले एका ॲल्युमिनियम कंपनीच्या रसायनतज्ज्ञाने. त्याचे नाव एच. व्ही. चर्चिल. आर्कान्सा प्रांतात बॉक्साइट नावाचे कंपनीचे गाव होते आणि तिथल्या मुलांच्या दातांवरही तेच डाग होते. त्या सुमारास ॲल्युमिनियमची भांडी विषारी असतात असा बोभाटा चालू होता; चर्चिलला भीती वाटली की हे डागही आपल्याच माथी मारले जातील. म्हणून त्याने गावचे पाणी वर्णपटाच्या यंत्राने तपासून पाहिले. नेहमीच्या तपासणीत न धरल्या जाणाऱ्या द्रव्यांपैकी फ्लोराइड त्यात भरपूर निघाले. चर्चिलचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसेना; त्याने पुन्हा नवा नमुना मागवला. हे १९३१ साल. कंपनीला आपले नाव वाचवायचे होते, आणि त्यातून मॅकेच्या तीस वर्षांच्या कोड्याचे उत्तर मिळाले. इतिहासात असे पुष्कळदा होते.

पुढे ट्रेंडली डीन या सरकारी दंतवैद्याने गावोगावचे पाणी आणि गावोगावच्या मुलांचे दात ताडून पाहिले आणि लिटरला १ मिलीग्रॅमपर्यंत फारसे डाग पडत नाहीत असे ठरवले. त्यावरूनच १९४५ साली ग्रँड रॅपिड्स या शहरात, दात किडू नयेत म्हणून, पाण्यात मोजून फ्लोराइड घालण्यास सुरुवात झाली. एकीकडे घालायचे, दुसरीकडे काढायचे. दोन्हीकडे मापाचीच गरज.

आपल्या देशात ही गोष्ट उघडकीस आली ती १९३७ साली, त्या वेळच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यात. एच. ई. शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या खेड्यांतल्या रोग्यांची तपासणी करून अहवाल छापला. अमेरिकेत दातांवरचे डाग हा रूपाचा प्रश्न होता. नेल्लोरला माणसे वाकली होती. ताठलेले कणे, न दुमडणारे गुडघे. सांगतात, की तिथल्या शेतकऱ्यांना याचा सुगावा आधी बैलांवरून लागला होता. बाहेरून आणलेली धडधाकट जोडी तिथले पाणी पिऊन काही काळाने पाय ओढू लागे. माणसापेक्षा बैलाचे दुखणे आधी लक्षात यावे, याचे शेती करणाऱ्याला नवल वाटणार नाही. आपल्याकडे ऊन कडक, उन्हात राबणारा माणूस दिवसाला पाणी पितो ते थंड मुलखातल्या माणसाच्या कितीतरी पट. पाण्यातले प्रमाण तेच असले तरी पोटात जाणारा फ्लोराइड जास्त.

आता मोजण्याची पंचाईत ऐका. त्या काळची रीत अशी. झिर्कोनियम धातूचा क्षार आणि एक तांबडा रंग यांचे मिश्रण करायचे, त्यात विहिरीचे पाणी घालायचे. पाण्यातले फ्लोराइड झिर्कोनियमला ओढून घेते आणि तांबडा रंग फिका पडतो. किती फिका पडला ते शेजारच्या नळ्यांशी डोळ्यांनी ताडून पाहायचे. हुशार माणसाच्या हाती ही रीत चांगली चालते. पण पाण्यात लोह, ॲल्युमिनियम, फॉस्फेट असले की रंग फसवतो. मग ते पाणी आधी आम्लाबरोबर ऊर्ध्वपातन करून, म्हणजे अत्तराच्या भट्टीसारखे उकळून आणि वाफ पुन्हा थंड करून घ्यायचे. ही सुधारणा विलार्ड आणि विंटर यांनी १९३३ साली केली. एका नमुन्याला तासभर सहज जाई. एका तालुक्यात विहिरी किती, हे तुम्हीच मोजा.

इथे आपला खडा कथेत येतो. पण त्याचा जन्म पाहायला स्वीडनमध्ये गेले पाहिजे. तिथे १८३९ साली कार्ल मोसांडर हा रसायनशास्त्रज्ञ सेरियम धातूच्या भस्मावर काम करीत होता. सेरियम १८०३ सालीच सापडलेला, सर्वांच्या परिचयाचा. मोसांडरने त्या भस्मातून दुसरेच एक भस्म वेगळे काढले. छत्तीस वर्षे ते सेरियमच्या आड दडून बसले होते, म्हणून ग्रीक भाषेतल्या ‘लपून राहणे’ या अर्थाच्या शब्दावरून त्याला लँथॅनम नाव मिळाले. या गोत्रातल्या मूलद्रव्यांना विरल मृत्तिका म्हणतात. नाव अगदीच दिशाभूल करणारे आहे, कारण ती फारशी विरळ नाहीत. सेरियम तर पृथ्वीच्या कवचात जवळजवळ तांब्याइतका आहे. आपल्या केरळ-तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट नावाचे खनिज आहे, त्यात लँथॅनम आणि सेरियम दोन्ही असतात. १९०९ साली शोम्बर्ग या जर्मन माणसाला काथ्याला चिकटून आलेल्या वाळूवरून त्याचा पत्ता लागला असे सांगतात. त्याला हवे होते थोरियम, गॅसबत्तीच्या मॅन्टलसाठी. लग्नाच्या वरातीत डोक्यावरून नेलेल्या गॅसबत्त्या ज्यांना आठवत असतील, त्यांनी थोरियम आणि चिमूटभर सेरियम जळताना पाहिलेले आहे. आणि तंबूतला सिनेमा ज्यांनी पाहिला, त्यांनी विरल मृत्तिकांचे फ्लोराइडही पाहिले आहे. कारण जुन्या प्रोजेक्टरमधल्या कार्बनच्या कांड्यांच्या गाभ्यात ते भरत, म्हणून उजेड पांढराशुभ्र पडे. स्वतंत्र भारतात या वाळूसाठी १९५० साली सरकारी कंपनी निघाली आणि १९५२ साली केरळात आलुवा येथे कारखाना सुरू झाला.

हे विरल मृत्तिकांचे फ्लोराइड निसर्गातही सापडते. त्या खनिजाचे एक नाव टायसोनाइट. ॲलन आणि कॉमस्टॉक यांनी १८८० साली त्याचे वर्णन केले ते कोठल्या नमुन्यावरून, ठाऊक आहे? कोलोरॅडोतल्या पाइक्स पीकच्या परिसरातल्या. होय, तोच डोंगर, ज्याच्या पायथ्याशी एकवीस वर्षांनी मॅके दात तपासत बसला. मुलांच्या दातांवर डाग पाडणारे फ्लोराइड ज्या डोंगराच्या खडकांतून पाण्यात उतरत होते, त्याच डोंगरात पुढे फ्लोराइड मोजणाऱ्या खड्याचा भाऊ निजलेला होता. मॅकेला हे कळण्याचा संभव नव्हता.

टायसोनाइटच्या आतली रचना नॉर्वेच्या इव्हार ओफ्तेदालने १९२९ ते १९३१ या काळात क्ष-किरणांनी उलगडली. ही रचना समजली की खड्याचा गुण समजतो, म्हणून जरा सावकाश सांगतो. एक मोठी पंगत डोळ्यांसमोर आणा. लँथॅनम हे यजमान आहेत. ते आपल्या जागेवरून हलत नाहीत. प्रत्येक यजमानाने तीनतीन फ्लोराइड पाहुणे आणले आहेत. पंगत गच्च भरलेली असेल तर कोणालाच हलता येणार नाही. पण मधला एक पाट रिकामा असला, तर शेजारचा पाहुणा सरकून त्यावर बसतो, मग त्याचा पाट रिकामा होतो, त्यावर पुढचा सरकतो. रिकामा पाट जणू पंगतीतून चालत जातो. फ्लोराइडच्या अंगी विजेचा भार असल्यामुळे या सरकण्याने खड्यातून वीज वाहते, तीही साध्या खोलीच्या उष्णतेत. मिठाच्या खड्यातून असे होत नाही.

रिकामे पाट वाढवायचे असतील तर? लँथॅनममध्ये थोडा युरोपियम मिसळतात. हा यजमान तीनऐवजी दोनच पाहुणे आणतो, म्हणून प्रत्येक युरोपियममागे एक पाट मोकळा राहतो. युक्ती एवढीच, पण तिने खड्याची वीज वाहण्याची शक्ती पुष्कळ वाढते. शिवाय खडा पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि पंगतीत फ्लोराइडखेरीज दुसऱ्या कोणाला सहसा बसू देत नाही. पाण्यात क्लोराइड असो, नायट्रेट असो, खडा त्यांची दखल घेत नाही.

असा खडा घडवणे मात्र सोपे नाही. खडीसाखर पाकातून दोऱ्यावर धरते, तसा हा धरत नाही. लँथॅनम फ्लोराइड सुमारे १,५०० अंश सेल्सिअसला वितळते. वितळलेला रस मुशीत घालून ती मूस भट्टीच्या तापलेल्या भागातून थंड भागाकडे अगदी मुंगीच्या पावलाने खाली सोडतात. तळापासून स्फटिक बांधत वर येतो. हवेतली ओल आत शिरली, की ऑक्सिजन घुसून खडा दुधाळ होतो आणि सगळे श्रम वाया जातात.

अमेरिकेत केंब्रिज या गावी ऑरायन रिसर्च नावाच्या कंपनीत मार्टिन फ्रँट आणि जेम्स रॉस हे दोघे काम करीत. पाण्याची आम्लता मोजणारी काचेची नळी शतकाच्या सुरुवातीपासून माहीत होती. तशीच नळी दुसऱ्या क्षारांसाठी करता येईल का, असा त्यांचा शोध चालू होता. १९६६ साली ‘सायन्स’ या साप्ताहिकात त्यांनी लँथॅनम फ्लोराइडच्या खड्याची नळी जाहीर केली. नळीच्या आत ठराविक फ्लोराइडचे द्रावण, बाहेर आपले विहिरीचे पाणी आणि मधे खड्याची भिंत. आतले प्रमाण ठरलेले. बाहेर ते कमीजास्त असेल त्याप्रमाणे भिंतीच्या दोन बाजूंत विजेचा दाब कमीजास्त होतो, आणि तो काट्यावर वाचता येतो. बाहेरचे प्रमाण दहापट झाले, की दाबात सुमारे ५९ मिलिव्होल्टचा फरक पडतो. लिटरला २ शतांश मिलीग्रॅम इतके थोडे फ्लोराइडही या नळीने ओळखता येते. रंग नाही, भट्टी नाही.

दोन खोडी मात्र होत्या. पाणी फार अल्कधर्मी असले तर त्यातला हायड्रॉक्साइड आकाराने आणि भाराने फ्लोराइडसारखाच असल्याने बिनबोलावलेल्या पाहुण्यासारखा पंगतीत घुसतो, आणि काटा खोटे बोलतो. पाणी फार आंबट असले तर फ्लोराइड हायड्रोजनला चिकटून बसतो, खड्याला तो दिसतच नाही. दुसरी खोड अशी, की ॲल्युमिनियम आणि लोहही फ्लोराइडला धरून ठेवतात. यावर फ्रँट आणि रॉस यांनी १९६८ साली तोड काढली. नमुन्यात एक ठराविक मिश्रण घालायचे. ते आम्लता मध्यम राखते आणि त्यातले सायट्रेट ॲल्युमिनियमला आपल्याकडे ओढून फ्लोराइडला मोकळे करते. प्रयोगशाळेत हे मिश्रण घातले की नाही, हे विचारण्याचा तुम्हांला हक्क आहे. का ते सांगतो.

आपल्या नागपूरला १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधनसंस्था निघाली. १९७४ पासून तिला नीरी म्हणतात. तिथल्या लोकांनी सत्तरीच्या दशकात पाण्यातले फ्लोराइड काढण्याची एक स्वस्त रीत बसवली. आंध्रातल्या, आता तेलंगणातल्या, नलगोंडा जिल्ह्यावरून तिला नलगोंडा पद्धत म्हणतात. पाण्यात चुना, ब्लीचिंग पावडर आणि तुरटी घालून ढवळायचे, गाळ खाली बसू द्यायचा, वरचे पाणी गाळून घ्यायचे. बादलीतही होते आणि गावाच्या टाकीतही. तुरटी म्हणजे ॲल्युमिनियमचा क्षार. तुरटीचे माप चुकले तर पाण्यात फ्लोराइड शिल्लक राहते. आणि अशा पाण्याची तपासणी सायट्रेटवाचून केली, तर ॲल्युमिनियमने धरलेले फ्लोराइड खड्याला दिसत नाही आणि पाणी शुद्ध झाल्याचा खोटा दाखला मिळतो. पाणी तेच, रोग तोच, फक्त कागद बदलला. म्हणून खडा कितीही प्रामाणिक असला, तरी त्याला विचारणारा माणूस जाणता हवा.

महाराष्ट्रात आपला बहुतेक मुलूख काळ्या कातळाचा आहे आणि त्यातल्या पाण्यात फ्लोराइड सहसा थोडे असते. पण पूर्वेकडे खडक बदलतो. यवतमाळ आणि चंद्रपूर या जिल्ह्यांत, नांदेडच्या किनवट भागात, अशा पाण्याची गावे आहेत. उथळ विहिरीचे पाणी बरे आणि त्याच शिवारातल्या खोल कूपनलिकेचे वाईट, असेही आढळते. खोल खडकात पाणी जास्त काळ मुरते आणि खडकातले फ्लोराइड अंगी लावून घेते. पन्नास हातांवरच्या दोन पाणवठ्यांत फरक असू शकतो. त्यामुळे ‘आमच्या गावचे पाणी’ असे मोघम बोलून चालत नाही. प्रत्येक पाणवठ्याचे पाणी निराळे तपासावे लागते. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला १ मिलीग्रॅमपर्यंत पाणी चांगले. दुसरा पाणवठा नसेल तर दीडपर्यंत चालवून घ्यायचे.

गुरुजनहो, तुमच्या वर्गात आठनऊ वर्षांची, पुढचे कायमचे दात नुकतेच आलेली मुले असतात. त्यांच्या दातांवर आडवे खडूसारखे पांढरे पट्टे किंवा तपकिरी डाग एकदोघांना असतील तर कारण दुसरे असू शकते. एकाच वस्तीतल्या बहुतेक मुलांना असतील, तर त्या वस्तीचे पाणी तपासायला पाठवा. उमटलेले डाग घासून जात नाहीत, तेव्हा मुलाला दात घासत नाहीस म्हणून रागावू नका. घरात धाकटे भावंड असेल, त्याचे दात अजून हिरडीत तयार होत असतात. पाणी बदलले तर ते वाचतात, ओकलीच्या मुलांचे वाचले तसे.

पाण्याचा नमुना जिल्ह्याच्या पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत पोहोचवावा. पंपाचे पाणी काही मिनिटे वाहू द्यावे, मग त्याच पाण्याने बाटली दोनतीनदा विसळून घ्यावी आणि काठोकाठ भरावी. बाटली प्लास्टिकची घ्यावी, काचेची नको. फ्लोराइड काचेला लागते. बाटलीवर पाणवठ्याचे नाव, खोली आणि तारीख लिहावी, आणि ती पेन्सिलीने लिहावी, कारण ओल्या हातांनी शाई पुसली जाते.